लंगडा ठेका, नऊ गळे

नागू भोईर ढोलकीवर बसला की लोक नाचत, आणि ढोलकी बाजूला ठेवून उठला की तेच लोक त्याच्यापासून चार हात लांब उभे राहत. पोशीरमध्ये त्याच्याइतका फाटक्या तोंडाचा माणूस दुसरा नव्हता. लग्नघरी जेवायला बसवलं तर भात कच्चा म्हणून सुनावणार, नवरदेव वेळेवर नाही आला तर त्याच्या बापाला भर मांडवात झापणार. तरी त्याला बोलावल्याशिवाय कोणाचं भागत नसे. नेरळपासून खोपोलीपर्यंत आगऱ्यांच्या हळदीला नागूची ढोलकी लागायचीच.

तसा तो लहानपणापासून वाजवायचा, पण नाव झालं ते हात मोडल्यावर. चौऱ्याहत्तर साली तो रसायनीकडच्या एका कारखान्यात कामाला होता. एके दिवशी यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात सापडला. तर्जनीचं एक पेर गेलं आणि मधलं बोट कायमचं ताठ झालं. कारखान्याने त्याला गेटावर बसवलं. ढोलकी सहा महिने आढ्याला टांगून होती. मग एक दिवस त्याने ती खाली काढली आणि बायकोला, जिजाला, म्हणाला, "कानात बोळं घाल. आता कुत्र्यावानी वाजनार हाय."

उजव्या हाताची तिसरी थाप त्याला काही केल्या जमेना. ती जागा रिकामी राहायची. मग डाव्या हाताच्या तळव्याने तो घुमणारी बाजू दाबून एक जड ठोका द्यायचा, पण तो जरा उशिरा पडायचा. नाचणाऱ्याचा उचललेला पाय क्षणभर तसाच हवेत राहायचा आणि मग दाणकन खाली यायचा. पहिल्यांदा लोक हसले. कोणीतरी त्याला लंगडा ठेका म्हटलं. दोन लग्नसराया गेल्या आणि तोच लंगडा ठेका लोक मागून घेऊ लागले. सरळ ठेक्यावर नाचायला बायकांचे पाय उठेनात. नागूला याचा आनंद झाला असं नाही. माझी बोटं तुटली म्हणून तुमी नाचताय, असं तो तोंडावर बोलून दाखवायचा.

त्याची धाकटी बहीण बायजा खालापूरच्या अलीकडच्या एका गावात दिली होती. एक्क्याऐंशी सालच्या पावसाळ्याआधी ती भरदुपारी एकटी चालत परत आली. डाव्या कानामागे जखम होती आणि अंगावरच्या लुगड्याखेरीज बरोबर काही नव्हतं.

"मी परत जायची नाय," ती ओटीवर बसत म्हणाली.

"कोन सांगतंय जा म्हनून," नागू म्हणाला. "पन रडायचं आसल तर मागच्या दारी जा. पोरं बघतायत."

ती रडली नाही. तिच्या सासरची माणसं दोनदा न्यायला आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा नागू मांडीवर कोयता घेऊन ओटीवर बसला आणि एक शब्द बोलला नाही. पाव्हणे पाणीही न पिता परत गेले, आणि आपल्या गावात जाऊन सांगू लागले की भावाला बहिणीची कमाई खायची आहे म्हणून त्याने तिला अडकवून ठेवलंय. वर्षभराने नागूनेच तिला एका कंत्राटदाराकडे नेलं. मोहोपाड्याला गोण्या शिवायच्या कामावर ती लागली. पहाटे घर सोडायची, कर्जतला कंत्राटदाराचा टेंपो पकडायची आणि पहिली पाळी करून दुपारी चार-साडेचारला डबा हलवत परत यायची. भाऊबहीण घरात फारसं बोलत नसत. तिच्या ताटात पहिला भात पडतो की नाही हे मात्र नागू बघायचा.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर शिळफाट्याचा नामाशेठ नागूच्या गेटावर येऊन उभा राहिला. शिळफाट्यावर त्याचं घड्याळं, टॉर्च आणि कॅसेटींचं दुकान होतं. मेहुण्याने आखातातून दोन मोठे टेपरेकॉर्डर आणून दिले होते, आणि आता आपणच कॅसेट काढावी असं त्याच्या डोक्यात शिरलं होतं.

"नऊ गानारे हायत," नामाशेठ म्हणाला. "एकाचंबी गानं आजवर टेपवर नाय. सगळे नवे. पन नऊ जन एका खोलीत बसवले तर गानं ऱ्हाईल बाजूला, डोकी फुटतील. तू नुस्ता ठेका दे. तो मी एका टेपवर घेतो. मग एकेक जन येईल, तुझ्या ठेक्यावर गाईल आनि जाईल. दुसरा टेप ते भरून घेईल."

"ठेका एकच?"

"एकच. लंगडा. लोकांना तोच पायजे."

"गानारे कोन?"

"तुला काय करायचं रं? तू ठेका दे."

नागूने पुन्हा विचारलं नाही. पुढे आयुष्यभर त्याला या गोष्टीचा राग राहिला, आणि तो नामाशेठवर जितका होता तितकाच स्वतःवर होता.

दुकानाच्या माडीवर खिडक्यांना गोधड्या बांधल्या होत्या, तरी हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे आत यायचे. नागू तीन दुपारी बसला. भोंगा वाजला की नामाशेठ टेप थांबवायचा आणि नागू हायवेला, ट्रकांना आणि नामाशेठला एकाच दमात शिव्या घालायचा. कोणी गाणारा समोर नाही, नाचणारा नाही, नुसती एक लोखंडी पेटी आणि तिच्यात फिरणारी दोन चाकं. घरी येऊन तो जिजाला म्हणाला, "भिंतीला वाजवून दाखवलं."

लग्नसराईच्या तोंडावर कॅसेट आली. कव्हरवर नऊ जणांचे छोटे छोटे फोटो होते, आणि तळाला बारीक अक्षरात 'ठेका : नागू, पोशीर'. नागूच्या घरात टेप नव्हता. पहिल्या बाजूचं सोनुबाई नावाच्या एका कोवळ्या पोरीचं गाणं त्याने नेरळच्या बाजारात उभ्या उभ्या ऐकलं. बरं गायली होती. दुसरी बाजू त्याने ऐकलीच नाही.

ती ऐकली फाल्गुनात, स्वतःच्या गावात. येसाजी पाटलाच्या पुतणीच्या लग्नाचा मांडव घातला जात होता. दुपारचे साडेचार झाले असतील. पोरांनी मेढी रोवल्या होत्या, वरच्या आडव्या कण्यावर दोघे आंब्याचे डहाळे बांधत होते आणि भोंग्यावर कॅसेट लावली होती. नागू गेटावरून परतत होता. आपला ठेका लांबूनच त्याला ओळखू आला. मग गळा आला, जाडसर, हसत गाणारा:

डबा घेतला हाती, पावडर लावली गाली,
सासर टाकून पोरगी मोहोपाड्याला गेली.

मांडवातले हसले. दोघं-तिघं कंबर हलवू लागले. पुढची ओळ आली:

भाऊ वाजवतो लंगडा, बहीन चालते वाकडी,
एकाच आईच्या पोटी दोन मोडकी लाकडी.

'भाऊ' हा शब्द बरोबर रिकाम्या जागी पडला होता. जिथे नागूचं बोट नव्हतं, तिथे. मग दाणकन ठोका आला आणि नाचणाऱ्यांचे पाय त्याच्यावर पडले. ठोका नागूचाच होता.

त्याच वेळी बायजा पलीकडच्या वाटेने येत होती. हातात डबा. विहिरीवरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या, एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. बायजाने मान खाली घातली नाही की चाल वाढवली नाही. मांडवासमोरून ती तशीच निघून गेली. नागूने तिचा चेहरा बघितला आणि त्याला कळलं की ती हे आज पहिल्यांदा ऐकत नाही. गावात हे गाणं न ऐकलेला तो एकटाच होता. त्याला बघून डहाळे बांधणाऱ्या एकाने भोंगा बंद केला, आणि बंद केला म्हणून बाकीचे जास्तच हसले.

घरी बायजा चुलीपाशी बसली होती.

"कवापासून वाजतंय हे?" नागूने विचारलं.

"पंधरा दिवस झाले. टेंपोत रोज लावतात. डायव्हर मुद्दाम लावतो."

"मला का नाय सांगलंस?"

बायजाने पहिल्यांदा वर बघितलं. "वाजवतोस तूच. मला वाटलं, तुला ठाऊक हाय."

तेवढ्यात जिजा मधे बोलली, "त्याला कसं ठाऊक असनार गं? त्यानी नुस्ता ठेका दिला." बायजा म्हणाली, "ठेका दिला तेवढा पुरला."

गाणारा कोण हे जिजाच्या भावाने चौकशी करून आणलं. हिरामण म्हणून होता. बायजाच्या नवऱ्याचा सख्खा चुलतभाऊ. कोयता मांडीवर घेतलेल्या नागूसमोरून जे चौघे परत गेले होते, त्यांतला तो सगळ्यांत तरणा.

दुसऱ्या दिवशी नागू शिळफाट्याला गेला. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी त्याने काउंटरवर हात आपटला.

"ते गानं काढ."

नामाशेठने गिऱ्हाइकाला घड्याळ बांधून दिलं आणि मग सावकाश वळला. "कंचं? तेच तर चाललंय. बाकीची आठ कोन ऐकत नाय."

"माझ्या बहिनीचं गानं हाय ते."

"नाव हाय का तिचं त्यात? तूच सांगत फिरतोस तिचं हाय म्हनून."

"माझा ठेका काढून घे मग. ठेका माझा हाय."

"तुझा होता," नामाशेठ म्हणाला. "आता माझ्या टेपात हाय. तू घरी झोप, तू मर, तो वाजनारच. समजलं?" मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "नागू, डोकं चालव. लोक तुला नव्यानं ओळखायला लागलेत."

नागूने त्याच्या आईपासून सुरुवात करून सात पिढ्या काढल्या. शेजारच्या दोन दुकानांतली माणसं बाहेर आली. नामाशेठने काच पुसायला घेतली. भांडण एकट्याने किती वेळ करणार? संध्याकाळच्या एसटीने नागू परत आला.

मग येसाजी पाटलाचं बोलावणं आलं. पुतणीच्या लग्नात जेवणं उरकल्यावर गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता आणि हिरामणला खास बोलावलं होतं. ठेकाही खराच हवा, टेपवरचा नको, म्हणून नागूला निरोप. येसाजी गावातला मोठा खातेदार. या दोघांना समोरासमोर बसवलं तर काय मजा येईल हे त्याला पुरतं कळत होतं, आणि गावालाही.

"जाऊ नका," जिजा म्हणाली. "ते तुमाला नाचवायलाच बोलावतायत."

"जानार," नागू म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी बायजाने कामाला खाडा केला आणि घरातच राहिली. मांडव घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

दुपारी तीनला मांडव गच्च भरला. हिरामण पंचविशीचा, पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल. त्याने नागूकडे बघून वाकून नमस्कार केला, तेव्हा बायकांत खसखस पिकली. नागूने ढोलकीच्या दोऱ्या ताणल्या आणि ठेका धरला. लंगडा, अगदी टेपवरचा. हिरामणने डबा गायला, पावडर गायली. लोक उठून नाचू लागले. नागूची मान खाली होती. हिरामणने हात वर करून 'भाऊ' म्हणायला तोंड उघडलं, आणि नागूने रिकामी जागा भरून टाकली. ताठ बोट त्याने काठावर असं आपटलं की नख फुटून रक्त आलं, पण थाप पडली. ठेका सरळ झाला. हिरामणचा शब्द थापेच्या अंगावर आदळला आणि मोडला. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले.

हिरामण हसला आणि पहिल्यापासून सुरू केलं. नागूने पुन्हा लंगडा धरला. या वेळी 'भाऊ' नीट पडू दिला आणि पुढच्या शब्दाखालून ठोकाच काढून घेतला. हिरामण वाट बघत थांबला. ठोका आलाच नाही, आणि हिरामण गायला लागला तेव्हा नेमका आला. कोणीतरी मोठ्याने हसलं. तिसऱ्यांदा हिरामणने ओळ घाईने उरकायचा प्रयत्न केला, तर नागूने इतका संथ ठेका लावला की एखादी तिरडी चालली आहे असं वाटावं. आता सगळा मांडव हसत होता, आणि हसणं हिरामणवर होतं.

"नीट वाजव रं," हिरामण माइकवरच म्हणाला.

नागूने ढोलकी थांबवली. "टेपला ऐकू येत नाय, म्हनून तू गायलास. मानसासंगं गाऊन दाखव."

हिरामणच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. माइक तोंडाशी तसाच होता. बायजाचं नाव घेऊन, ती कुठे जाते आणि कोणाबरोबर असते, हे तो चार शब्दांत बोलला. भोंग्यातून ते शब्द गावभर गेले. नागू ढोलकीवरून उडी टाकून त्याच्या अंगावर गेला. पुढे काय झालं ते नीट कोणालाच सांगता आलं नाही. माइक पडला, भोंग्यातून शिट्टी वाजत राहिली, खालापूरकडची माणसं उठली, पोशीरची चार उठली आणि बाकीची बसून राहिली. नागूची एक बरगडी मोडली, हिरामणचा ओठ फाटला, आणि कोणाचा तरी पाय ढोलकीच्या कातड्यातून आरपार गेला. येसाजीने दोघांना सोडवलं आणि नागूला म्हणाला, "शुभकार्य नासवलंस. पोरीच्या लग्नात रगत सांडलंस. ऊठ, नीघ."

नागू घरी आला तेव्हा त्याच्या मनात कुठेतरी होतं की बायजा काही बोलेल. तिने तांब्यात पाणी आणून ठेवलं.

"ऐकलंस?" त्याने विचारलं. "तीनदा पाडला मी त्याला."

"ऐकलं," बायजा म्हणाली. "तू त्याला पाडलंस. आनि त्यानी माझं नाव घेतलं. आजवर गान्यात नाव नव्हतं."

"मंग काय ऐकून घेऊ? गप बसू?"

"मला इचारलं असतंस. जाऊ का, म्हनून. माझी लाज, माझं नाव, आनि भांडन तुमा दोघांचं."

नागू संतापला. तुझ्यासाठी बरगडी मोडून घेतली, असं म्हणाला. कोयता घेऊन बसलो होतो ते विसरलीस, असंही म्हणाला. महिना संपायच्या आत बायजाने मोहोपाड्याला दोन कामगार बायकांबरोबर खोली घेतली. कपड्यांचं बोचकं तिने स्वतःच डोक्यावर घेतलं. जिजा नाक्यापर्यंत गेली, नागू दारातून हलला नाही.

त्या सराईपासून नागूला लग्नाची बोलावणी बंद झाली. येसाजीने तसं काही सांगितलं नव्हतं, पण त्याच्या मनाविरुद्ध कोण बोलावणार? मांडवातल्या मारामारीची कथा मात्र कर्जत-खालापुरात पसरली, आणि ते कुठलं गाणं म्हणून लोक कॅसेट शोधू लागले. हिरामणची दोन गाणी आणखी निघाली. सोनुबाईला ठाण्याहून बोलावणी येऊ लागली. गावोगावची धडधाकट बोटांची पोरं मुद्दाम एक थाप गाळून वाजवायला शिकली. कुठे तसं ऐकू आलं की नागू थांबायचा आणि वाजवणाऱ्याला म्हणायचा, "बोट तोडून घे आधी." पोरं त्याच्या मागे हसायची.

अठ्ठ्याऐंशी साली नामाशेठ एक कॅमेरावाला घेऊन पोशीरला आला. दुसरी कॅसेट काढायची होती, दहा नवे गाणारे, ठेका तोच. नागूने त्याला ओटीवर बसू दिलं, कारण त्याला वाटलं की माणूस वाजवायला बोलवायला आलाय. एक अटही त्याने मनात तयार ठेवली होती: गाणारा गाईल तेव्हा मी समोर बसणार.

"वाजवायची गरज नाय रं," नामाशेठ म्हणाला. "जुना टेप हाय ना. फोटो पायजे. तुझ्या हाताचा. कव्हरवर नुस्ता हात. लोकांना बघायचाय."

नागूने हात लुंगीच्या ओच्यात घातला आणि दुसऱ्या हाताने नामाशेठची चप्पल उचलून अंगणाबाहेर फेकली. मग कॅमेरावाल्याची फेकली. तिसऱ्यांदा त्याने काय उचललं ते बघायला दोघे थांबले नाहीत. कॅसेट निघाली ती हाताशिवायच, कव्हरवर नाचणाऱ्या बायकांचं चित्र होतं, आणि या वेळी तळाला नागूचं नाव नव्हतं.

त्या वर्षी गौरीच्या सणाला बायजा अडीच वर्षांत पहिल्यांदा माहेरी आली. जिजाबरोबर हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत बसली. अंगावर चांगलं पातळ होतं, मनगटावर घड्याळ. तिची नोकरी कायम झाल्याचं जिजाला आधीच कळलं होतं. नागू ओटीवर होता. दोघं एकमेकांना बघत होती, बोलत नव्हती. शेजारच्या आळीतल्या मंडळाने भोंग्यावर कॅसेट लावली. सुरुवातीला नुसताच ठेका होता, गाणं अजून यायचं होतं. कुठलं येईल ते कोणालाच माहीत नव्हतं. नागू उठून चप्पल शोधू लागला.

"बस," बायजा आतून म्हणाली. "कुनाकुनाचं बंद करशील?"

अडीच वर्षांतला तिचा त्याच्याशी तो पहिला शब्द होता. नागू क्षणभर उंबऱ्यापाशी थांबला. जिजाला वाटलं, आता बसेल. तो बसला नाही. आळीत जाऊन त्याने भोंग्याची वायर उपटली, मंडळाच्या पोरांशी तासभर भांडला, दोघांच्या बापांना नावं ठेवली, आणि परत आला तेव्हा बायजा दुपारच्या एसटीने निघून गेली होती. तिच्या पातोळ्या जिजाने पानात गुंडाळून डब्यात घालून दिल्या होत्या.